जिल्हा रुग्णालयात कल्चर कधी होणार? सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत : मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण.

मंत्रिमहोदय, सादर नमस्कार.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. त्याची मुदत २०२५ ते २०२९ आहे. पहिला आराखडा २०१७ साली आला आणि त्याची मुदत २०२१ मध्ये संपली. तो आला तेव्हा आता जिल्ह्याजिल्ह्यात काहीतरी हलेल, असे मला मनापासून वाटले होते. आमच्या भागात खाटेवरच्या रुग्णासाठी काय हलले ते मी रोज पाहते आहे आणि आता गप्प बसवत नाही. पत्र आपल्या नावाने आहे, पण ते लोकांनीही वाचावे, कारण उद्या यातला रुग्ण त्यांच्याच घरातला असेल.

मी एका जिल्ह्याच्या गावी खासगी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभागाची तंत्रज्ञ आहे. रक्त, लघवी, पू, थुंकी, जे सॅम्पल येईल त्यातले जंतू प्लेटवर वाढवायचे (यालाच कल्चर म्हणतात), कोणते ते ओळखायचे, आणि मग त्यांच्यावर औषधांच्या कागदी डिस्क ठेवून कोणते औषध चालते ते पाहायचे. औषध चालत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ गोल पडतो. तो मिलिमीटरमध्ये मोजून रिपोर्टवर सेन्सिटिव्ह किंवा रेझिस्टंट लिहायचे. चालत नसेल तर जंतू थेट डिस्कला भिडून वाढतात.

अशीच एक प्लेट एका सकाळी माझ्या हातात आली आणि तिच्या फॉर्मवर माझ्या धाकट्या दिरांचे नाव होते. मुतखड्याचे ऑपरेशन झाले होते, स्टेंट घातला होता, घरी आल्यावर हुडहुडी भरून ताप आला. रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतल्याबरोबर इंजेक्शने सुरू केली, दोनदा बदलली, आणि ताप हटेना तेव्हा कुठे रक्त कल्चरला पाठवले. जंतू होता क्लेबसिएला. मांडलेल्या एकाही डिस्कभोवती गोल नव्हता, मेरोपेनेम या जोरकस इंजेक्शनच्याही नाही. त्यांना मोठ्या शहरात हलवले. तिथे कोलिस्टीन सुरू झाले. हे १९५० च्या दशकातले औषध. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले होते, आणि आता दुसरे काही उरले नाही म्हणून पुन्हा हातात घेतले आहे. दिरांची किडनी आधीच थकलेली होती. ते परत आले नाहीत. घरची दोन एकर जमीन त्यांच्या उपचारात गेली, आणि जावेच्या पदरात शाळेत जाणारी दोन मुले आहेत.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. समोर तापाने फणफणलेला रुग्ण, बाहेर घाबरलेले नातेवाईक, आणि हा कोणता जंतू असेल हे सांगणारी कसलीच माहिती जवळ नाही. अशा वेळी डॉक्टर हाताशी असलेले सर्वांत जोरकस औषध देणार. आमच्याकडे त्याला ‘हायर अँटिबायोटिक’ म्हणतात आणि नातेवाईकही हल्ली तेच मागतात. माझे म्हणणे इतकेच आहे की डॉक्टरांना या अंधारात ठेवणे हा सरकारी धोरणाचा दोष आहे आणि तो दूर करणे आपल्या हातात आहे.

हा दोष केवळ आमच्या जिल्ह्याचा नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. दाखल रुग्णांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होते. त्यातली निम्म्याहून जास्त औषधे संसर्ग झाला म्हणून दिलेलीच नव्हती, तो होऊ नये म्हणून दिलेली होती. जंतूची ओळख पटवून मग दिलेली औषधे जेमतेम ६ टक्के. ही नामांकित, स्वतःची प्रयोगशाळा असलेली रुग्णालये. तालुक्याच्या गावी काय होत असेल, त्याचा अंदाज आपण करू शकता.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार तपासणीची आहे. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यांत साखर, हिमोग्लोबिन, लघवीची साधी तपासणी होते, मोफत होते, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण कल्चर म्हटले की नातेवाइकाच्या हातात डबी देऊन बाहेर पाठवले जाते. लघवीचे सॅम्पल दोन तासांत पोहोचायला हवे, नाहीतर थंड ठेवायला हवे. ते एसटीत, पिशवीत, उन्हातून दुपारी आमच्याकडे येते. तोवर त्यात भलतेच जंतू वाढलेले असतात. उलट रक्ताच्या कल्चरची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नसते, तर ती काही ठिकाणांहून बर्फात घालून येते. फॉर्मवर ‘सध्या चालू असलेले अँटिबायोटिक’ असा रकाना असतो. तो बहुतेक वेळा कोरा. इंजेक्शन चालू होऊन तीन-चार दिवस झाल्यावर घेतलेल्या रक्तात पुष्कळदा काहीच वाढत नाही. मग आम्ही ‘नो ग्रोथ’ लिहून देतो आणि घरचे समजतात, चला, जंतू नाहीत. रुग्ण मात्र तापातच असतो. पहिले इंजेक्शन टोचण्याआधी दोन बाटल्या रक्त काढून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्यासाठी उपचार थांबवावा लागत नाही. औषध लगेच सुरू करा, आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट आला की त्याप्रमाणे बदला किंवा कमी करा. एवढी शिस्त आमच्याकडे बसलेली नाही, कारण बाटली नाही, बाटली असली तर ती न्यायला माणूस नाही, आणि माणूस असला तर घेऊन जायला जवळ प्रयोगशाळा नाही.

कल्चर म्हणजे वाईट बातमी, असा एक समज आहे. रोजचा अनुभव उलट आहे. लघवीच्या संसर्गाने बेजार झालेल्या कितीतरी बाया आमच्याकडे येतात. त्यांचा ई. कोलाय जंतू महागड्या सेफॅलोस्पोरिनला जुमानत नाही, आणि मग त्यांना दाखल होऊन मेरोपेनेम घ्या असे सांगितलेले असते. प्लेट पाहिली तर जुन्या, स्वस्त नायट्रोफ्युरँटोइनभोवती छान मोठा गोल पडलेला असतो. संसर्ग मूत्राशयापुरताच असेल, किडनीपर्यंत गेला नसेल, तर ती गोळी पुरते. बाई घरी राहते, पैसे वाचतात, आणि मेरोपेनेम ज्याला खरोखर लागणार आहे त्याच्यासाठी शिल्लक राहते. तपासणीवरचा खर्च किती, एवढेच शासन पाहते. ती न केल्यामुळे होणारा खर्च रुग्णाच्या घरात होतो म्हणून तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

दुसरी तक्रार : असलेली माहितीही आमच्यापर्यंत येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांचे जाळे उभारून दरवर्षी आकडे गोळा केले आहेत. त्यात क्लेबसिएलावर औषधे चालण्याची घसरण डोळ्यांसमोर दिसते. २०१७ मध्ये निम्म्याहून अधिक नमुन्यांवर मेरोपेनेमच्याच गटातले इमिपेनेम चालत होते, २०२३ च्या अहवालात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आले. पण हे आकडे मोठ्या शहरांतल्या, आधीच चार ठिकाणी उपचार होऊन आलेल्या रुग्णांचे आहेत. नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या डॉक्टरला त्यावरून आपल्या रुग्णासाठी काय ठरवता येणार? कोणत्या भागात कोणत्या जंतूवर कोणते औषध किती टक्के चालते, याचा तक्ता म्हणजे अँटिबायोग्राम. केरळने राज्याचा असा तक्ता तयार करून प्रसिद्ध केला आहे. आपल्या जिल्ह्यांच्या खासगी प्रयोगशाळांत हजारो रिपोर्ट पडून आहेत. रुग्णाचे नाव काढून ते एकत्र करायला कोणी आमच्याकडे कधी मागितले नाहीत. मागितले तर आम्ही आनंदाने देऊ.

तिसरी तक्रार रेफरच्या चिठ्ठीची. याबद्दल फार कमी बोलले जाते आणि मला ती अत्यंत गंभीर वाटते. हे जंतू हवेतून उडत येत नाहीत. ते रुग्णाच्या आतड्यात मुक्काम करतात, आणि तिथून हातांवर, कॅथेटरवर, बेसिनवर, खाटेच्या कडेवर जातात. शिवाय औषध निकामी करणारे जनुक एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो, त्यामुळे हा प्रसार रोखणे आणखी अवघड होते. भारतात उपचार घेऊन गेलेल्या एका रुग्णात २००८ साली स्वीडनमध्ये सापडलेले एनडीएम-१ हे असेच जनुक. त्याच्या नावातले ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. त्यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला, पण बराचसा दिल्लीच्या नावावरून. जनुक मात्र पसरत राहिले. आज आपला रुग्ण तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला जातो, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर रक्तदाब असतो, साखर असते, दिलेली सलाईन असते. त्याच्या अंगात मेरोपेनेमला न जुमानणारा जंतू आहे, हे लिहिलेले मी फार क्वचित पाहिले आहे. पुढच्या रुग्णालयाला ते कळले असते तर त्याला वेगळी खाट, वेगळे बीपीचे पट्टे आणि पहिल्या दिवसापासून योग्य औषध मिळाले असते. शेजारच्या खाटेवरचा माणूसही वाचला असता.

औषध दुकानांबद्दल थोडक्यात लिहिते. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. सेफिक्झिमपासून मेरोपेनेमपर्यंतची औषधे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, दिली की डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची, वही तीन वर्षे जपायची, असा तो नियम आहे. या वह्या किती ठिकाणी उघडून पाहिल्या गेल्या, हे अन्न व औषध प्रशासनाने जाहीर करावे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राचे तत्कालीन आरोग्य सेवा महासंचालक डॉ. अतुल गोयल यांनी देशभरातल्या डॉक्टरांना पत्र लिहून, अँटिबायोटिक का देत आहोत ते चिठ्ठीवर लिहा, असे सांगितले. डॉ. गोयल मुंबईच्या केईएममधले न्यूरोसर्जन, म्हणजे आपलेच. त्यांच्या पत्राप्रमाणे लिहिलेली चिठ्ठी अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही. मात्र एक विनंती. नुसती धाड घालून, दुकानांना टाळे लावून हा प्रश्न सुटणार नाही. ज्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तिथे मेडिकलवाला हाच आधार असतो. आधी डॉक्टर पोहोचवा, मग दुकानदाराला जाब विचारा.

याचीच दुसरी बाजू क्वचितच ऐकू येते. आपण नेहमी म्हणतो, लोक अँटिबायोटिक फार खातात. खरे आहे. पण ज्याला खरोखर शेवटच्या फळीतले औषध हवे त्याला ते मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. २०२५ साली आठ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, दाद न देणाऱ्या जंतूंचे भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे दहा लाख संसर्ग झाले, आणि त्यांतल्या ८ टक्क्यांहूनही कमी रुग्णांना योग्य औषध मिळाले. एनडीएम असलेल्या जंतूवर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एकटे चालत नाही, त्याच्या जोडीला अॅझट्रिओनाम लागते. हे ज्ञान आहे, औषधे बाजारात आहेत, पण एका दिवसाचा खर्च ऐकून नातेवाईक मान खाली घालतात. २०१९ मध्ये भारतात सुमारे तीन लाख माणसे थेट अशा जंतूंमुळे दगावली, असा जागतिक संशोधकांचा अंदाज आहे. ती सगळीच माणसे आधी फार औषधे खाल्लेली नव्हती. त्यांतली पुष्कळ वाचण्याजोगी होती.

कोंबड्यांच्या आणि कारखान्यांच्या प्रश्नावर मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण दोन गोष्टी नोंदवते. जुलै २०१९ मध्ये केंद्राने खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टीनवर बंदी घातली. राज्यात तिची तपासणी कशी होते, ते लोकांना सांगा. आणि औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात किती अँटिबायोटिक चालेल, याच्या मर्यादा केंद्राने जानेवारी २०२० च्या मसुद्यात घातल्या होत्या, त्या २०२१ च्या अंतिम नियमांतून गळाल्या. तारापूर आणि पाताळगंगेचे पाणी आपल्या राज्यात वाहते. निदान ते मोजायला तरी आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुवात करावी.

हे सगळे महाराष्ट्राला झेपणार नाही, असे कोणी आपल्याला सांगितले तर कृपया क्षयरोगाकडे बोट दाखवा. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर आणले, तेव्हा सरकारी पातळीवर आधी नाराजी व्यक्त झाली. पण त्यानंतर काम झाले. आज तालुक्याच्या ठिकाणीही सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो का, हे काही तासांत कळते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधांची सहा महिन्यांची पद्धत मान्य केली. पूर्वी याच रुग्णाला दीड-दोन वर्षे औषधे आणि इंजेक्शने सोसावी लागत. क्षयाच्या जंतूसाठी यंत्र, मोफत औषध, नोंद आणि घरी जाऊन विचारपूस हे सगळे शासन करते. क्लेबसिएलाने ग्रासलेल्या माणसाचा जीव त्याहून स्वस्त नाही.

दुसरे राज्य करते, तर आपल्याला का जमू नये, हाही प्रश्न आहेच. केरळने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वतःचा राज्य आराखडा आणला, देशात सर्वांत आधी. २०२४ पासून तिथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्यांवर ‘ऑपरेशन अमृत’ सुरू झाले, आणि ही औषधे निळ्या पाकिटात घालून द्यायला सांगितले, म्हणजे घरात पडलेल्या स्ट्रिपांमध्ये अँटिबायोटिक कोणते ते आजीलाही कळते. कोळिकोड जिल्ह्यातल्या काक्कोडी या साध्या कुटुंब आरोग्य केंद्राला त्यांनी अँटिबायोटिकच्या योग्य वापरासाठी आदर्श म्हणून पुढे आणले. सुरुवात मोठ्या शहरातल्या रुग्णालयापासूनच करावी लागते असे नाही, हे त्यातून दिसते.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दिवसरात्र सॅम्पल स्वीकारणारी, स्वयंचलित रक्त-कल्चर यंत्र असलेली सूक्ष्मजीव प्रयोगशाळा सुरू करा, आणि तिच्यासाठी सूक्ष्मजीवतज्ज्ञ व तंत्रज्ञांची पदे कायमस्वरूपी भरा. नुसते यंत्र येऊन खोक्यात पडून राहिले तर उपयोग नाही. बाटल्या, मीडिया (जंतू वाढवायचे खाद्य) आणि डिस्क यांचा पुरवठा वर्षभर अखंड राहील अशी खरेदी करा. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतून सॅम्पल आणायला रोजची गाडी हवी. क्षयाच्या सॅम्पलची वाहतूक होतेच, तीच व्यवस्था वाढवता येईल.

२. अंगात जंतू पसरल्याचा संशय असलेल्या रुग्णाचे रक्त पहिल्या डोसाआधी घेण्याचा आदेश काढा आणि हे कल्चर सरकारी रुग्णालयात मोफत करा.

३. जिल्हावार अँटिबायोग्राम दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करा. खासगी प्रयोगशाळांनाही त्यात घ्या, पण आधी त्यांची गुणवत्ता तपासा. कोलिस्टीनची परीक्षा कागदी डिस्कवर विश्वासार्ह होत नाही, तरी असे रिपोर्ट दिले जातात आणि त्यावर जीव टांगलेले असतात.

४. रेफर चिठ्ठीवर आणि डिस्चार्ज कार्डवर सापडलेला जंतू, न चालणारी औषधे आणि चालू अँटिबायोटिक यांचा ठळक रकाना सरकारी व खासगी, सर्व रुग्णालयांना सक्तीचा करा.

५. शेवटच्या फळीतली औषधे प्रत्येक महसूल विभागातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राखीव साठ्यात ठेवा. कल्चरचा रिपोर्ट आणि तज्ज्ञांची मान्यता असेल तर ती गरीब रुग्णाला मोफत मिळावीत, आणि राज्याच्या आरोग्य योजनांत त्यांचा खर्च स्पष्टपणे धरावा.

६. शेड्यूल एच-वनच्या तपासण्यांचे जिल्हावार आकडे दर सहा महिन्यांनी जाहीर करा.

७. महाराष्ट्राच्या कृती आराखड्याची सद्यःस्थिती, त्यासाठी ठेवलेला निधी, खर्च झालेला निधी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवा.

यातली पहिली, दुसरी आणि चौथी मागणी मला सर्वांत निकडीची वाटते. चौथीला तर पैसाही लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. तो या महिन्यात निघू शकतो.

उत्तर मला व्यक्तिशः पाठवू नये. ते जाहीर द्यावे, तारखांसह द्यावे, म्हणजे आमच्यासारख्या तंत्रज्ञांना, वॉर्डातल्या सिस्टरांना आणि रुग्णांच्या घरच्यांना त्या तारखा धरून विचारता येईल. प्रयोगशाळा उभी करताना लागेल ती मदत, कामाच्या वेळेबाहेर आणि विनामोबदला, करायला मी तयार आहे. आमच्या क्षेत्रातले आणखीही पुष्कळ जण तयार आहेत.

आपली विश्वासू,
जिल्ह्याच्या गावातली एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ